पायी शेगाव, काटा जागच्या जागी

खेड्यात नुसतंच फिरायला निघालेली बाई लोकांना कोड्यात टाकते. पांदणीनं जाणाऱ्याला शेत गाठायचं असतं, निदान फाट्यावरून बस तरी धरायची असते. आम्ही चौघीजणी पहाटे रोडनं जायचं आणि हात हलवत परत यायचं असं सुरू केलं, तेव्हा निंदणाला निघालेल्या मजूरबायांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, रिकाम्याच चालता का? आमच्या संगं या ना, पैसे बी भेटतीन."

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय पन्नाशीला टेकलेलं, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ३० च्या वर. आपल्या भारतीय लोकांसाठी २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात, त्यामुळं मी कुठं बसते हे सांगायला नको. तीन महिन्यांची शुगर ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: रोज चाला, आणि खाण्यातलं तेल-गोड आवरा. दुसऱ्या गोष्टीसाठी घरातली पाचही माणसं, त्यातही सासूबाई तयार व्हाव्या लागतात. पहिलीला बूट पुरतात.

सुरुवात दिवाळीनंतर केली. त्या दिवसांत आमच्याकडं पहाटे छान गारवा असतो, रोडच्या दोन्ही बाजूला तुरी फुललेल्या, पऱ्हाटीत बोंडं फुटलेली. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले आणि आम्ही चौघी हवेत. मग काटा जो थांबला तो थांबलाच. पौष गेला, माघ लागला, चालण्यात खंड नाही, तरी ७२ ची ७१ होईना. उलट मधूनच ७३ दाखवायचा. ते पहिले दोन किलो बहुतेक पाण्याचे असतात हे नंतर कळलं. दिवाळीचा फराळ संपतो, मीठ-गोड कमी होतं, त्यासोबत शरीरानं धरून ठेवलेलं पाणी सुटतं. चरबी इतक्या पटकन हलत नाही.

मुलानं फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं होतं. त्यात दहा हजाराचं लक्ष्य. हा आकडा कोण्या डॉक्टरनं ठरवला असेल असंच मला वाटायचं. प्रत्यक्षात १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्यासोबत हा गोल आकडा जगभर पसरला. आकडा वाईट नाही, पण तो गाठला की वजन उतरेल असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

त्या ॲपनं एक गोष्ट मात्र उघड केली. सकाळी सात वाजता फोनवर सहा हजार पावलं दिसायची. रात्री झोपताना पाहिलं तर साडेसात हजार. म्हणजे उरलेल्या अख्ख्या दिवसात दीड हजार! नीट आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. आधी मी शाळेत पायी जायची, आता "सकाळीच चालून झालं" म्हणून स्कूटी. वर्गात फळ्यापाशी उभी राहायची, आता खुर्ची. रविवारी दुपारी पाठ टेकवायची ती चार वाजेपर्यंत. पाणी आणायला पोरगा, दळण आणायला पोरगा. शरीर सकाळी जे देतं ते दिवसभर असं चिमटी-चिमटीनं परत घेतं, आणि घेताना आपल्याला विचारत नाही.

मी प्राथमिक शाळेतली असले तरी गणिताची आहे, म्हणून हिशोब मांडून पाहिला. सपाट रोडवर एक किलोमीटर चालायला दर किलो वजनामागं साधारण अर्धी कॅलरी जादा लागते. जादा म्हणजे बसून राहिलो असतो तरी जी जळलीच असती ती सोडून. माझं वजन ७४, अंतर चार किलोमीटर. येतात दीडशेच्या आसपास कॅलरी. आता एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, घासभरही जास्त खाल्लं नाही, तर किलोभर उतरायला पन्नास दिवस. आणि आम्ही फिरून आल्यावर काय करायचो? एकीच्या छपरीत बसायचो. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवायला दोन टोस. चहाचे शंभर-सव्वाशे, टोसचे ऐंशी-नव्वद. पन्नास मिनिटांची कमाई दहा मिनिटांत फिटली, वर थोडी उधारीच झाली.

चालण्याचा वेगही बघण्यासारखा होता. डॉक्टरांची साधी खूण आहे: बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला तर ते व्यायामाचं चालणं. आमच्या चौघींत तर कोणाचं लगन जुळलं, कोणाच्या वावरात वाटणी झाली, याच्या सविस्तर बातम्या व्हायच्या. गाणंच काय, आम्ही आरतीसुद्धा पूर्ण म्हटली असती.

माघात गजानन महाराजांचा प्रगटदिन येतो. आमच्या भागातून कारंजा, मूर्तिजापूर, अकोला करत शेगावला पायी दिंडी जाते, दीडशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. मी रजा टाकून गेले. श्रद्धा होतीच, पण खरं सांगायचं तर पोटात एक हिशोबही होता: रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे हजार कॅलरी कुठं गेल्या नाहीत. पाच-सहा दिवसांत काट्याला हलावंच लागेल.

ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांना माहीत आहे की तिथं पायापेक्षा पोटाची परीक्षा जास्त होते. पहाटे अंधारात निघालो की पहिल्याच फाट्यावर चहा-बिस्कीट. उजाडता उजाडता पोहे, वर चण्याची लालबुंद तर्री. त्यानंतर एका गावात गरम शिरा, तुपाचा हात इतका सैल की पत्रावळ पारदर्शक व्हायची. दुपारी झुणका-भाकर, ठेचा, आणि "माउली, बुंदी तं घ्याच." मध्ये संत्री, केळी, ताक. गुरुवार असला की साबुदाण्याची उसळ, मूठभर शेंगदाण्याच्या कुटासकट. रात्री मुक्कामाला वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी. नको म्हणायची सोय नाही. ताटासमोर हात धरला की समोरची म्हातारी म्हणते, "महाराजांचा परसाद हाये माय, नाई नको म्हनू." रस्त्याच्या कडेला तासन् तास उभं राहून वाढणाऱ्या त्या माणसांचं मोल मी कॅलरीत करणार नाही. पण एक पत्रावळ शिरा म्हणजे तीनशेच्या वर, आणि पत्रावळी दिवसात किती झाल्या ते मोजायचं मनानं टाळलं.

दर्शन झालं, डोळे भरून आले, बसनं घरी परत आले. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर निघतानापेक्षा एक किलो जास्त.

घरात सगळ्यांनी हसून घेतलं. मी मात्र पाय बघत होते. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडायचा. सवय नसताना इतकं चाललं की पायाच्या स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला शरीर तिथं पाणी धरतं. वर रोजचं खारट-तिखट. त्या किलोतला मोठा भाग पाणीच होतं, कारण आठवड्याभरात काटा परत जुन्या जागी आला. जुन्या जागी, त्याच्या खाली नाही. चालणं आणि खाणं यांची त्या रस्त्यावर चक्क बरोबरी झाली होती.

आमच्या चौघींतली एक, अंगणवाडीत काम करणारी, आमच्यात सगळ्यात झपझप चालायची आणि खायचीही कमी. तिचं वजन तर वाढत होतं. दिवसभर मरगळ, केस हातात येतात, थंडी सोसवत नाही, ही तिची गाऱ्हाणी आम्ही "या वयात होतंच" म्हणून उडवून लावायचो. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) चांगलाच वाढलेला. थायरॉईड मंदावलं होतं. आता ती सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि चहा निदान अर्ध्या तासानं. गोळीनं ती तरतरीत झाली, पण वजन थोडंच उतरलं. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं की ही वजनाची गोळी नाही, थायरॉईडमुळं वाढलेले किलो मोजकेच असतात आणि त्यातही बरंच पाणी असतं. तरी नियमानं चालून वजन वाढतच असेल तर ही एक तपासणी करून घ्यावी असं मला ठामपणे वाटतं. माझी केली, नॉर्मल निघाली. म्हणजे माझ्याकडं ती पळवाट नव्हती.

मजूरबायांचं ते "आमच्या संगं या" डोक्यातून जात नव्हतं. त्या दिवसभर वाकलेल्या असतात, शेतात जायला-यायला चार-पाच किलोमीटर, वेचणीच्या दिवसांत कमरेला कापसाची ओटी. तरी त्यांच्यातल्या दोघी-तिघी चांगल्या भरलेल्या अंगाच्या आहेत. इतक्या कष्टात हे कसं, असं मी मुलाला विचारलं, तर त्यानं मला हर्मन पॉन्टझर या अमेरिकन संशोधकाचं काम दाखवलं. टांझानियात हाडझा नावाचे लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून राहतात. त्यांच्या बायका दिवसाला जवळपास सहा किलोमीटर चालतात, पुरुष अकराच्या वर. पॉन्टझर आणि सोबत्यांनी त्यांना खास खुणेचं पाणी पाजून, लघवी तपासून दिवसभराचा कॅलरीचा खर्च मोजला. २०१२ साली निकाल छापला तो असा की अंगकाठीचा फरक काढून टाकला तर हाडझांचा दिवसाचा एकूण खर्च शहरात बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच येतो. पॉन्टझर म्हणतो, हालचाल वाढली की शरीर आतल्या दुसऱ्या कामांवरचा खर्च आवरतं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि एक वाक्य वाचून "मग चालायचंच कशाला" म्हणणारे आमच्या स्टाफरूममध्येही निघाले. पण माझ्या फोनमधल्या त्या साडेसात हजार पावलांशी ते कुठंतरी जुळत होतं.

मग मी पायाकडून नजर काढून स्वयंपाकघराकडं वळवली. कॅलरीची वही वगैरे मला जमणारी गोष्ट नाही. आमच्या घरी कोण किती पोळ्या खातं हे पोळ्या करणारीलाही सांगता येत नाही. पण एक वस्तू अशी आहे की ती मोजूनच घरात येते: तेलाचा पिपा. पंधरा किलोचा. दिवाळीचं तळण सोडून, रोजच्या स्वयंपाकात तो दोन महिन्यांत संपायचा. माणसं पाच. पंधरा हजार ग्रॅम भागिले पाच, भागिले साठ. माणशी रोज ५० ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे साडेचारशे. मी चालून दीडशे घालवत होते आणि नुसत्या तेलातून त्याच्या तिप्पट घेत होते. डॉक्टर लोक माणशी महिन्याला अर्धा किलो तेल सांगतात. आमचं दीड किलो.

आमच्या वऱ्हाडात तेल फोडणीपुरतं थांबत नाही. वांग्याच्या भाजीवर तेल तरंगायला हवं, पाटोडीचा रस्सा तर्रीविना रस्सा नाही, खिचडीवर वरून कच्चं तेल, रोडग्यांच्या वरणात तेल, आणि गोळाभात तर फोडणीच्या तेलासाठीच जन्माला आलेला पदार्थ. मी पळी काढून टाकली आणि डब्यात चमचा ठेवला, त्या दिवशी सासूबाईंनी ताट पुढं सरकवलं.

"हे काय वं? तेल नाई तं गोळाभात कायचा? कोरडा घास गळ्याखाली उतरंन का?"

"आई, दोन चमचे घातलं आहे."

"दोन चमचे! आमी वाटीनं वतत होतो. कोनाचं काई झालं नाई."

"तेव्हा तुम्ही काय काय करायच्या दिवसभर?"

त्या थांबल्या, मग मोजायलाच लागल्या. पहाटे जात्यावर दळण, विहिरीवरून पाणी, शेतात निंदण, घरी आल्यावर गोठा, पुन्हा चूल. आणि वाटीभर तेल रोज नव्हतंच, गोळाभात कधीमधी. रोजचं म्हणजे भाकर, कण्या, आंबाडीची भाजी. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मंग मले तरी वाटीनं वाढ." त्यांना वाढते. वय ७८, वजन ४२ किलो, त्यांचं तेल कापण्यात काय अर्थ आहे?

बाकी चौघांचं हळूहळू उतरलं. भाजी शिजल्यावर वरचं तेल काढायचं नाही, टाकतानाच कमी टाकायचं, कारण काढून ठेवलेली तर्री दुसऱ्या दिवशी पोह्यांवर जाते हे मला ठाऊक आहे. पिपा आता तीन महिने पुरतो. म्हणजे सरासरी माणशी ३३ ग्रॅम, रोजचे दीडशे कॅलरी कमी. नेमके माझ्या चार किलोमीटरएवढे, आणि तेही सरासरीनं घरातल्या दर माणसामागं, एक पाऊल न टाकता. वाण्यानं एकदा हटकलंच, "मॅडम, तेल दुसरीकून नेता का आता?"

सकाळचा चहा बिनसाखरेचा केला. उपवासाची उसळ अर्धी वाटी, बाकी ताक आणि फळ. रात्रीच्या जेवणात आधी वरण आणि भाजी, मग भाकर, कारण पोट भरल्याचा निरोप यायला वेळ लागतो आणि तोवर मी तिसरी भाकर घेतलेली असायची. हरभऱ्याची उसळ आणि अंडी वाढवली. पन्नाशीत आपोआप झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिनं लागतात, आणि स्नायू जितके कमी तितकं बसल्याजागी जळणंही कमी.

चालणं सोडलं नाही, वाटून घेतलं. सकाळी अर्धा तास, पण दम लागेल असं, बातम्या बंद. रात्री जेवून उठल्यावर गल्लीतच दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर उचलतात, शुगरवाल्यांना या फेरीचा फायदा सरळ दिसतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सकाळची फेरी साडेपाचच्या आत आटोपते आणि रात्रीचीच लांबवते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीसोबत हेही सांगते, ते आपण सोयीनं विसरतो. माझा ताकदीचा व्यायाम म्हणजे शाळेच्या लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, आणि पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घेऊन जिन्यावर वर-खाली. पोट्टे बघतात आणि मोजतात. चुकलं तर ओरडतात.

एक गोष्ट चालण्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. काटा हलत नव्हता त्या महिन्यांतही तीन महिन्यांची शुगर ६.२ वरून ५.९ वर आली होती. बीपी खाली आला होता, झोप गाढ लागत होती. वजन हे एकच माप धरून बसले असते तर हे दिसलंच नसतं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं अंगानं बारीक दिसतात आणि चरबी पोटात दडलेली असते. तेव्हापासून मी शिवणकामाची टेप काट्याशेजारीच टांगली. आपल्याकडं बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०. माझी ९६ होती.

आज ८९ आहे. वजन ६९ आणि पुन्हा अडलेलं. ते अडायचंच, कारण हलक्या अंगाला त्याच चार किलोमीटरला कमी खर्च येतो आणि भूकही हट्टानं वाढते. शुगर ५.७. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या, घाई नको.

यंदा माघात पुन्हा शेगावला जायचं ठरतंय. प्रसाद घ्यायचा, पण तळहातावर मावेल तेवढाच, आणि ताक कितीही, असं आम्ही ठरवलं. चौघींपैकी तिघींनी सकाळचा टोसही सोडला आहे. चौथी, जिच्या छपरीत बसतो ती, मात्र ऐकायला तयार नाही. तिचं वजन किलोभरही हललेलं नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. परवा बशीत टोस बुडवता बुडवता म्हणाली, "हे बी सोडू तं मंग पाच वाजता उठून फिराले कायले येऊ वं?"